न्यू जर्सीच्या दरानं

न्युरेम्बर्ग, ९ फेब्रुवारी २०२५

ताई,

आणि दर वेळी शेवटी तुझं तेच, की कुमार, तुला यातलं काही कळत नाही. नसेल कळत. मग तो तक्ता मला कशाला पाठवलास? ग्रुप मी हौसेनं सोडला नाही. नाव 'आपलं घर' आणि आत रोज टेक्सास आणि न्यू जर्सीची कुस्ती. मी इथं तंदूरमध्ये हात घालून उभा, आणि खिशात फोन कुणीतरी चावल्यासारखा थरथरतोय. म्हणून सोडला. आता मेलवरच भांडू. लिहिलेलं निदान शेवटपर्यंत वाचावं लागतं. फोनवर तू मला दुसऱ्या वाक्याच्या पुढे जाऊ देत नाहीस.

तक्ता बघितला. दहावी नापास असलो तरी लाल-हिरवं कळतं. डावीकडे न्यू जर्सी, उजवीकडे टेक्सास. हवा, दवाखाने, कर, चोऱ्या, आणि सगळ्यात खाली 'ज्येष्ठांचं जीवनमान'. तुझ्या तक्त्यात टेक्सास हिरवंगार आणि न्यू जर्सी लाल. तू राहतेस न्यू जर्सीत.

सीमाताईचा तक्ता मागच्या आठवड्यात आला होता. त्यात न्यू जर्सी हिरवीगार. देऊळ चालत जाण्यासारखं, बस आहे, भजनाला बायका आहेत. ती राहते टेक्सासला.

मी इथं रोज कांदे घेतो. आजवर एक भाजीवाला असा भेटला नाही, जो म्हणाला की माझे नका घेऊ, शेजारच्याचे घ्या, ते जास्त चांगले आहेत. असं कोण म्हणेल सांगू? ज्याला दुकान बंद करून घरी जायचंय तो.

आल्झो, म्हणजे इथल्या भाषेत 'तर मग', स्पष्टच लिहितो. आई तुम्हा दोघींना नकोशी झाली आहे. तुझी अन्वी झाली तेव्हा हवी होती. सीमाताईचा विहान झाला तेव्हा हवी होती. तेव्हा तुझ्याकडे थंडी नव्हती आणि सीमाताईकडे ऊन नव्हतं. आता ती जेवत नाही, वाळली आहे, डॉक्टर करावे लागतात, तर दोघींनाही बहिणीच्या राज्याची हवा एकदम आवडायला लागली.

आमच्याकडे शनिवारी पुण्याचे आयटीवाले जेवायला येतात. त्यातला वेदांग नावाचा एक जण ताटावर बसून हेच करतो. म्युनिकला पगार जास्त पण भाडं किती, न्युरेम्बर्गला भाडं कमी पण विमानं कुठे. त्याचं पोरगं मध्येच जर्मनमध्ये विचारतं, नान कधी येणार. अख्ख्या टेबलावर तेवढंच एक कामाचं वाक्य असतं.

कुमार

एडिसन, ११ फेब्रुवारी २०२५

कुमार,

तुझं मेल राजनला दाखवलं नाही. त्याच्या नजरेत तुझी थोडीफार किंमत आहे, ती राहू दे.

टेक्सास चांगलं असं मी म्हणत नाही, आई म्हणते. सकाळच्या चहापासून सुरू. सीमाकडे ऊन असतं, सीमाकडे अंगण आहे, सीमाकडे गुडघे कुरकुरत नाहीत. मी काय दार अडवून उभी राहू? तक्ता केला तो स्वतःचीच समजूत घालायला, की बाई जाते म्हणते तर तिकडे खरंच बरं आहे का बघावं. तुला पाठवला, कारण वाटलं तू एकदा तरी सरळ वाचशील.

ती एक वेळ जेवते. दुपारी. रात्री विचारलं की सोमवार असतो, नाहीतर चतुर्थी, नाहीतर पोट जड. एकादशी लोकांकडे पंधरा दिवसांनी येते, आमच्याकडे आठवड्याला येते. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात तिच्या. हे तुला तिकडून दिसत नाही, म्हणून तुला कांदे सुचतात.

आणखी एक गोष्ट, जी मी ग्रुपवर लिहिली नव्हती. गेल्या वर्षी मला तांदळाच्या डब्यात वीस डॉलरची नोट सापडली. वाटलं, चुकून पडली असेल. मग परत सापडली, मग कणकेच्या डब्यात. आई ठेवते आणि विसरते. मी गुपचूप काढून भाजीच्या पाकिटात टाकायचे. तिला विचारून लाजवायचं कशाला? राजनच्या ऑफिसमधल्या एकाच्या सासूबाईंचं असंच सुरू झालं होतं. पुढे त्या घरचा रस्ता विसरल्या.

तू पैसे पाठवायचे थांबवलेस ते एक बरं केलंस. माझ्या खात्यावर यायचे, मी नोटा करून तिच्या हातात द्यायचे, ती सीमाकडे असली की तिकडे पाठवायचे, आणि त्या अशा डब्यात. तुझे घामाचे पैसे. इथं तिला कशाची कमी आहे?

मार्चमध्ये तिला सीमाकडे पोचवते. आणि तुझं ते येनाला जायचं काय झालं? दर वर्षी गाव बदलायला तुला चालतं, आम्ही तक्ता केला की पाप.

ताई

न्युरेम्बर्ग, १६ मार्च २०२५

सीमाताई,

आई पोचली, असं ताईच्या एका ओळीच्या मेलवरून कळलं. पार्सल पोचलं की कुरिअरवाले जास्त लिहितात.

आता तुझी पाळी. तुझ्या घराचे फोटो मी बघितले आहेत. पाच बाथरूम आणि पायी जाण्यासारखं एक दुकान नाही. आईला कोथिंबीर हवी असली तर कुणीतरी गाडी काढायची, म्हणजे तुझा नवरा, म्हणजे शनिवारी. तरी ताई म्हणते आईलाच तिकडे यायचं होतं. ती ताईकडे टेक्सासचं कौतुक करते म्हणे. आईनं आयुष्यात कुठल्या जागेचं कौतुक केलेलं मी ऐकलं नाही. आपल्या मिरजेचंसुद्धा नाही. त्यामुळे हे मला पटत नाही, आणि तुम्ही दोघींनी मिळून ठरवलेलं दिसतं.

ताईनं मला मध्ये एक टोमणा मारला तो तुलाही कळला असेल. मी पैसे थांबवले ते शहाणपण सुचलं म्हणून नाही. ऑक्टोबरमध्ये जुन्या मालकाशी वाजलं. तो बाराबारा तास उभं करायचा आणि आठाचा पगार लिहायचा. सोडलं. आता माझा व्हिसा त्याच्या हॉटेलाच्या नावावर, म्हणजे नवीन जागी उभं राहायला परदेशी लोकांच्या ऑफिसचा कागद लागतो, आणि त्या कागदासाठी टर्मिन, म्हणजे वेळ मागून घ्यायची. ती मिळेपर्यंत खोलीत बसून भाडं भरलं. जानेवारीत कामाला लागलो. मग म्हटलं, दोन दोन गाड्या असलेल्या घरांत माझे दीडशे युरो म्हणजे ताटातली मिठाची चिमूट. कुणाच्या लक्षातही आलं नसेल. ताईनं तर शाबासकी दिली.

इथंही जीव रमत नाही. येनाला एक मालक बोलावतोय, उन्हाळ्यात जाईन म्हणतो. विद्यापीठाचं गाव आहे, पोरं खातात भरपूर.

आई जेवते का, तेवढं लिही. हवा, कर, शाळा हे लिहू नकोस.

कुमार

प्लेनो, टेक्सास, ६ एप्रिल २०२५

कुम्या,

पाच नाहीत, साडेतीन आहेत. अर्धं बाथरूम म्हणजे काय ते तू आलास की दाखवीन, तुझ्या खोलीपेक्षा मोठं असेल.

जेवत नाही. पहिले आठ दिवस बरी जेवली. मला वाटलं, बघा, एडिसनला चारूकडेच काहीतरी बिनसत होतं. मग इथंही तेच. एक वेळ. आणि आता दिवसभर न्यू जर्सीची आरती. चारूकडे देऊळ चालत जाण्यासारखं आहे, चारूकडे शेजारी मराठी आहेत, चारूकडे बाहेर पडलं की माणूस दिसतं. ती दारातून आत आली तेव्हा मी तिच्या आवडीचं भरलं वांगं केलं होतं रे. आता ताट वाढते तर अर्धं परत येतं, झाकून, नीट, माझ्यासाठीच ठेवल्यासारखं.

सगळ्या तपासण्या केल्या. रक्त ठीक, पोट ठीक. मग राहतं डोकं. नोटांचं चारूनं तुला सांगितलं ना? मागच्या वर्षी माझ्याकडेही पिठात सापडल्या होत्या. मी विहानच्या गल्ल्यात टाकल्या. या वेळी त्याही नाहीत. स्मरणाच्या डॉक्टरकडे नेलं, तिथं ती डॉक्टरशीच भांडली. पक्कं काही सांगितलेलं नाही.

चारूशी फोनवर बोलले आणि या वेळी आम्ही भांडलो नाही. दोघींचं एक मत झालंय. अशा माणसांसाठी राहायच्या जागा असतात, चोवीस तास नर्स, वेळेवर जेवण, कुणीतरी समोर बसून भरवतं. दोन्ही राज्यांतल्या बघितल्या. न्यू जर्सीची महाग आहे पण तिथं एक नर्स मराठी बोलते. इथली स्वस्त आहे, बाग मोठी आहे. तक्ता जोडलाय, रागावू नकोस. खर्च राजन भावजी आणि आमचे हे निम्मा निम्मा करतील. एक जूनपासून जागा मिळते. दोन्हींपैकी कुठली ते तू सांग. तू मुलगा आहेस, तू म्हणालास तर ती जाईल.

मी हे रडत लिहिलंय, तेव्हा उत्तर देताना कांदे आणू नकोस.

सीमा

न्युरेम्बर्ग, ८ एप्रिल २०२५

ताई आणि सीमाताई,

नाही.

दोघींचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं, तेही आईला कुठं ठेवायचं यावर. तक्ता उघडला नाही. त्यातही एक राज्य हिरवं असेल आणि एक लाल, आणि दोन्हीकडे आई एका खाटेवर बसून अनोळखी बाईच्या हातचं खात असेल. तुम्ही डॉक्टरला विचारलंत, एकमेकींना विचारलंत, नवऱ्यांना विचारलंत. मला विचारलंत, कारण मी मुलगा, म्हणजे शिक्का मारायला.

तिला इथं आणता आलं असतं तर तुम्हाला पत्रच लिहिलं नसतं. माझ्या कागदावर आईला आणता येत नाही, हे विचारून झालंय.

मी तिला कागदावर पत्र टाकतोय. फोन तुम्ही स्पीकरवर ठेवता. सीमाताई, पाकीट आलं की न फोडता दे, तेवढा विश्वास टाकतो.

कुमार

न्युरेम्बर्ग, ८ एप्रिल २०२५

आई,

नमस्कार. माझं अक्षर तुला लागेल, तूच शिकवलंयस.

या दोघी म्हणतात तुला विसरायला होतं. ताई म्हणते तुला टेक्सास आवडतं, सीमाताई म्हणते तुला न्यू जर्सी आवडतं, आणि दोघी म्हणतात तू जेवत नाहीस. एक तर दोघी खोटं बोलतात, नाहीतर तू. त्यांनी तुला ठेवायला एक जागा बघितली आहे. मी नाही म्हटलंय, पण माझं नाही किती दिवस टिकेल माहीत नाही. मी इथं भट्टीपाशी, त्या तिथं.

तुझं तुला काय वाटतं, कुठलं राज्य बरं? खरं काय ते लिही. आणि का जेवत नाहीस?

कुमार

प्लेनो, २९ एप्रिल २०२५

चि. कुमारला आशीर्वाद.

तुझं पत्र सीमानं न फोडता दिलं. दिवसभर माझ्या तोंडाकडे बघत होती, पण विचारलं नाही. पोरगी चांगली आहे. अक्षर तुझं अजून कोंबडीनं उकरल्यासारखंच आहे.

मला वेड लागलेलं नाही. त्या डॉक्टरबाईनं पाच शब्द सांगितले आणि थोड्या वेळानं परत विचारले. मी सांगितले. मग घड्याळ काढायला लावलं. काढलं. मी तिला म्हटलं, आता तुम्ही माझ्या तीन मुलांची नावं सांगा, मघाशीच सांगितली होती. तिला एकच आलं. तिची परीक्षा कुणी घेत नाही.

माझे वडील मिरजेला आपल्याकडे यायचे, तेव्हा पानावर बसण्याआधी पाणी प्यायच्या निमित्तानं आत जायचे आणि तांदळाच्या डब्यात नाणं टाकायचे. लेकीच्या घरी फुकट जेवायचं नाही, हा त्यांचा नेम. मला तेव्हा राग यायचा, की माझं घर काय खाणावळ आहे? तू एवढासा होतास, ते नाणं हुडकून गोळ्या आणायचास आणि माझा मार खायचास. आठवतं का बघ. चारू-सीमाला हे ठाऊक नाही. वडिलांनी आणि मी, दोघांनीही कधी बोलून दाखवलं नाही. बोललं की त्याचा हिशेब होतो.

माझ्यावर लेकींकडे राहायची वेळ आली तेव्हा तो नेम मी उचलला. तू पाठवायचास त्यातून मी जेवत होते. मुलाच्या पैशानं. म्हणून दोन्ही घरांत मान वर करून बसायचे. आमटी अळणी झाली तर अळणी म्हणायचे. नंतर तुझे येईनात. उरलेल्या नोटा पुरवून वापरल्या, एक वेळ कमी केली. त्याही संपत आल्या. मग चारूकडे सीमाचं कौतुक सुरू केलं आणि सीमाकडे चारूचं. नव्या घरी पहिले आठ दिवस माणूस पाहुणा असतो, पाहुण्याला नेम लागू नाही, असं मी माझ्या सोयीनं ठरवलं. वडील असते तर त्यांनी हे चालवून घेतलं नसतं.

त्या दोघी खोटं बोलत नाहीत. रोज ताट वाढतात आणि मी अर्धं परत करते, त्याचं त्यांना वाईट वाटतं. तू तिकडून तिरकं लिहितोस तेवढं पुरे कर.

त्या नर्सच्या जागेचं आणि तुमच्या तक्त्यांचं सीमा फोनवर बोलते ते मला ऐकू येतं. तिथले पैसे दोन्ही जावई भरणार. म्हणजे आगीतून उठून पुन्हा तेच.

राज्याचं विचारलंस. इथं दूध, कांदे, डाळ जरा स्वस्त. तुझ्या पैशात महिनाभर दोन्ही वेळ व्हायचं. चारूकडे महिना सरायच्या आत संपायचे, मग उपास. बाकी चारूकडे देऊळ आहे आणि इथं ऊन आहे, दोन्ही खरं आहे. तुमच्या तक्त्यात भाताची ओळ नाही एवढंच.

मी तुझ्याकडे मागितलं नव्हतं. मागून आलेलं या कामाला चालत नाही. आता तू विचारलंस म्हणून लिहिलं. हे मागणं नाही, उत्तर आहे.

टपाल तिकिटं सीमाच्या खणातली घेतली आहेत. त्यांचे पैसे ठेवायचे राहिलेत.

आई

न्युरेम्बर्ग, १४ मे २०२५

ताई,

हेच मेल सीमाताईलाही जातंय. आईचं पत्र आलं.

नर्सच्या जागेला आज नाही म्हणून कळवा. मी तुमच्यावर उपकार करतोय असं नाही, डॉक्टरबाईचा कागद नीट वाचला असतात तरी कळलं असतं. आईला पाचही शब्द आले आहेत. सीमाताईनं पक्कं काही सांगितलेलं नाही एवढंच लिहिलं, कारण तिला तेवढंच ऐकायचं होतं.

नोटा ती विसरत नव्हती. ते जेवणाचे पैसे होते. आजोबा आपल्या तांदळात नाणं टाकायचे, तसे. तुम्हा दोघींना ते माहीत नव्हतं, मला माहीत होतं आणि मी त्याच्या गोळ्या खाल्ल्या. ती तुमच्याकडे माझ्या पैशावर जेवत होती, आणि ते ऑक्टोबरपासून आले नाहीत म्हणून उपास करत होती. ताई, तू त्या नोटांची भाजी आणलीस ते नकळत का होईना, एकदम बरोबर केलंस. सीमाताई, गल्ल्यात टाकलेल्या काढ आणि त्याचं दूध आण.

आता नीट ऐका. तिला यातलं काही विचारायचं नाही. 'अगं आई, आमच्याकडे कशाला' हे तर अजिबात नाही, तुमच्या तोंडात ते अगदी तयार बसलेलं असेल. डब्यात नोट दिसली की झाकण लावायचं, आणि नंतर ती बाजारात खर्च करायची. आमटी अळणी म्हणाली तर मीठ घालायचं आणि बरं वाटून घ्यायचं.

कुठल्या राज्यात राहायचं ते ती ठरवील. तुमचे तक्ते पुसा. इतके रंग भरलेत आणि भात काय भावानं पडतो, ते कुणी लिहिलं नाही. मीही विचारलं नाही. फेब्रुवारीपासून तुम्हाला जे बोललो ते परत घेत नाही, त्यातलं काही खरं होतं. जे खोटं होतं ते तुम्हाला माहीत आहे.

येनाचं रद्द केलं. नवा मालक म्हणजे नवा कागद, नवं टर्मिन, आणि तोपर्यंत हात रिकामा. हा मालकही चांगला नाही, पण पगार पाच तारखेला देतो.

वेदांगला शनिवारी जेवण झाल्यावर बसवून घेतलं. त्याच्या फोनवर दोन्हीकडच्या दुकानांचे भाव काढले. तांदूळ, डाळ, दूध, भाजी, तेल. त्याला वाटलं मी अमेरिकेला निघालो, मला तिथल्या पगाराबद्दल सांगायला लागला. त्याला म्हटलं, तू फक्त डाळीचं बोल. दोन्ही वेळचं जेवण, संध्याकाळचा चहा, सणाला गोड, आणि सीमाताईच्या खणातली टपाल तिकिटं धरली आहेत. सगळं न्यू जर्सीच्या दरानं लावलंय, म्हणजे ती तुझ्याकडे आली काय आणि तिकडे राहिली काय, पैसे महिना सरायच्या आत संपणार नाहीत. आत्ता सीमाताईकडे आहे तोवर तू तिच्याकडे पाठव आणि तिनं नोटा करून हातात द्याव्यात, वीसवीसच्याच. दर महिन्याच्या सहा तारखेला येतील.

आज तुझ्या खात्यावर टाकले आहेत, दोनशे पंचाहत्तर युरो.